ग्रामपंचायत सदस्याचं नेमकं काम काय? सभा, प्रोसिडिंग आणि सहीची जबाबदारी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आलो आहे. कारभार सरपंच आणि ग्रामसेवकच बघतात. महिन्यातून एकदा शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, सही घेतो, जातो. वॉर्डातली माणसं मात्र गटार, लाइट, घरकुल यासाठी माझ्या दारात येतात. सदस्याला अधिकार किती, जबाबदारी कोणती, आणि काही चुकलं तर अंगावर काय येतं?’

सगळ्यात आधी ते घरी येणारं रजिस्टर. त्यावर सही करू नका. ते प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहिण्याची वही असेल, तर घरबसल्या केलेली सही म्हणजे न झालेल्या सभेला तुम्ही हजर होता आणि आत लिहिलेल्या प्रत्येक ठरावाला तुमची संमती होती, याचा पुरावा तुम्हीच लिहून दिल्यासारखं आहे. पुढे चौकशी लागली की ‘मला वाचून दाखवलं नव्हतं’ हे कुणी ऐकून घेत नाही. सदस्याच्या हलगर्जीमुळे पंचायतीच्या निधीचं नुकसान, अपव्यय किंवा गैरवापर झाला, तर त्या सदस्याकडून वसुली करण्याची तरतूद कायद्यात आहे. शिपायावर चिडायचं कारण नाही, त्याला पाठवलेलं असतं. ‘सभेला येऊन सही करतो’ एवढं सांगून रजिस्टर परत पाठवा. पहिल्या महिन्यात एकानं असं केलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सभा खरोखर भरायला लागते.

आता अधिकाराचं. आपल्याकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला कायदा म्हणजे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. लोकसंख्येप्रमाणे सदस्यसंख्या ठरते: १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, असं वाढत ७,५०० च्या वर १७. या कायद्यात एकट्या सदस्याला कार्यकारी अधिकार जवळजवळ नाहीत. तुम्ही पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला परस्पर हुकूम देऊ शकत नाही, एक रुपयाही खर्च करू शकत नाही, कुणाचं बांधकाम थांबवू शकत नाही. कार्यकारी अधिकार कलम ३८ प्रमाणे सरपंचाकडे असतात आणि दप्तर सचिवाकडे. या सचिवाला २०२४ पर्यंत ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत. दोन्ही पदं एक करून आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव आलं आहे. गावात भाऊसाहेबच म्हणतात.

पण सरपंचाचं कामही पंचायतीच्या ठरावावर चालतं. थेट जनतेतून निवडून आलेला सरपंच असला तरी खर्चाला मंजुरी, कामाची निवड, कराचे दर, अंदाजपत्रक हे सगळं सभेतून जावं लागतं. तुमचा अधिकार आहे तो सभेत, आणि तोही कागदावर उतरला तरच. सभेत तुम्ही कितीही तावातावानं बोललात आणि प्रोसिडिंगमध्ये ते आलं नाही, तर कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही गप्प बसला होता. नव्या सदस्यांची सर्वात जास्त शक्ती वाया जाते ती इथे. ते चावडीवर भांडतात, व्हॉट्सअॅपवर लिहितात, आणि सभेत मुकाट सही करतात.

मासिक सभा

महिन्यातून निदान एक सभा व्हायलाच हवी. ती बोलावणं सरपंचाचं काम आहे. पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणाऱ्या सरपंचाचं पद कलम ३६ खाली जाऊ शकतं आणि त्याचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. साध्या सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी, विशेष सभेची एक पूर्ण दिवस आधी. ‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडतात. म्हणजे २० तारखेच्या सभेची नोटीस १६ ला हातात पडली पाहिजे. नोटीस घेताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं लिहा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, निम्म्या सदस्यांची.

नोटिशीवर विषय छापलेले असतात आणि वर्षानुवर्षं तेच असतात: मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे, शासकीय पत्रांचे वाचन, कर वसुलीचा आढावा, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. यातला पहिला आणि शेवटचा विषय सर्वात धोक्याचे.

पहिला विषय म्हणजे मागच्या महिन्याचं प्रोसिडिंग मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं. प्रत्यक्षात ‘वाचलं समजा’ म्हणून पुढे जातात. मागच्या सभेनंतर काही घुसवलं असेल, तर ते तुम्हाला कळण्याची आणि हरकत घेण्याची हीच पहिली संधी. वाचनाचा आग्रह धरा. वीस मिनिटं लागतील, लागू द्या.

‘ऐनवेळचे विषय’ ही सोय तातडीच्या गोष्टींसाठी आहे: मोटार जळाली, पाइप फुटला. जागा भाड्यानं देणं, ना हरकत दाखला, ठेकेदाराचं बिल, नोकरभरती असले विषय इथून येत असतील तर सरळ म्हणा की हा विषय पुढच्या सभेच्या नोटिशीवर घ्या. आणि तसं म्हटल्याची नोंद करून घ्या.

ठराव कसा लिहिला जातो ते बारकाईनं बघा. बहुतेक ठिकाणी असं वाचायला मिळतं: ‘विषय क्र. ५, गटार दुरुस्तीबाबत. ठराव क्र. ५, वरील विषयावर साधकबाधक चर्चा होऊन दुरुस्ती करणेस सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ या ठरावात कुठली गटार, कुठून कुठपर्यंत, किती खर्च, कुठल्या निधीतून, कधीपर्यंत, यातलं काहीच नाही. अशा ठरावावर कुठलंही बिल बसवता येतं. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या १२० मीटर गटारीतील गाळ काढणे व तुटलेले ढापे बदलणे, अंदाजे खर्च रु. ३५,०००, ग्रामनिधीतून, ३१ मे पूर्वी.’ एका वाक्याचं काम आहे, पण त्या वाक्यात पुढची सगळी देखरेख आली.

सह्या कुठे घेतात तेही पाहा. काही गावांत सभेच्या सुरुवातीला कोऱ्या पानावर हजेरीच्या सह्या घेतात आणि मजकूर नंतर सावकाश लिहितात. ठरावच तुमच्या समोर लिहिले जावेत असा आग्रह धरा. शेवटच्या ठरावाखाली चार-पाच ओळी मोकळ्या सोडल्या असतील तर तिथे आडवी रेघ मारून घ्या. ‘आभार मानून सभा संपली’ हे वाक्य त्या रेघेला लागूनच यावं. मग फोनवर पानांचा फोटो काढा. सभागृहात बसलेल्या सदस्यानं स्वतः सही केलेल्या पानाचा फोटो घेण्यात गैर काहीच नाही.

विरोध असेल तर ‘सर्वानुमते’ हा शब्द खोडायला लावून ‘बहुमताने’ लिहून घ्या आणि विरोध करणाऱ्यांची नावं टाका. लिहायला नकार दिला तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र पंचायतीच्या आवक-जावक नोंदवहीत चढवायला द्या, पोच घ्या, आणि एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा. वर सांगितलेल्या वसुलीच्या प्रसंगात हाच कागद तुमचं संरक्षण करतो.

महिला सदस्यांबद्दल इथेच एक स्पष्ट सांगायला हवं. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तरी सभेत पती, दीर किंवा मुलगा येऊन बसतो. सभेत त्यांचं बोलणं नोंदलं जात नाही, मतही नाही. पण चुकीच्या ठरावावर सही असते ती त्या बाईंची, आणि नोटीस येते तीही त्यांच्याच नावे. घरच्यांना खरंच मदत करायची असेल तर नोटीस आल्यावर घरी विषय समजावून सांगावेत आणि सभेला त्यांना एकटीला जाऊ द्यावं.

पैसा कुठून येतो आणि कुठे बघायचा

‘जमाखर्चास मंजुरी’ म्हणताना समोर तीन गोष्टी असल्या पाहिजेत: नमुना ५ ची रोकडवही, बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट, आणि त्या महिन्याची प्रमाणकं म्हणजे व्हाउचर. रोकडवहीत महिनाअखेरची शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांचा मेळ लागतो का, एवढं एक बघितलं तरी अर्धं काम होतं. मेळ न लागण्याची नेहमीची दोन कारणं. वसुलीची रोख रक्कम बँकेत भरलीच नाही, किंवा चेक दिला पण वहीत लिहिला नाही. पहिलं गंभीर आहे. पावतीपुस्तकातल्या (नमुना १०) तारखा आणि बँकेतल्या भरण्याच्या तारखा शेजारी ठेवल्या की रोकड किती दिवस हातात फिरली ते दिसतं.

पंचायतीचे पैसे एका थैलीत नसतात. घरपट्टी, दिवाबत्ती, बाजार, गाळ्यांचं भाडं यातून येतो तो ग्रामनिधी. पाणीपट्टी वेगळी. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी वेगळ्या खात्यात. ग्रामनिधीतले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा स्वतःचं उत्पन्न ६ लाख असेल, तर ९० हजार, ६० हजार आणि ३० हजार, मिळून १ लाख ८० हजार रुपये बाजूला काढावे लागतात. बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घाईनं खुर्च्या किंवा भांडी घेऊन हा हिशेब पुरा करतात. एप्रिलच्याच सभेत या तिन्ही रकमांचं काय करायचं ते ठरवून घेतलं, तर त्यातून दिव्यांगांना उपयोगाची साधनं किंवा अंगणवाडीची खरी गरज भागते. सदस्य म्हणून पहिल्याच वर्षी हाती घेण्यासारखं आणि कुणी नाही म्हणू न शकणारं हे काम आहे.

वित्त आयोगाच्या निधीला अटी असतात. १५व्या आयोगाच्या काळात २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम ‘बंधित’ होती, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के ‘अबंधित’, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. १० लाख आले तर ३ लाख पाणी, ३ लाख स्वच्छता, ४ लाख इतर. हा आयोग मार्च २०२६ ला संपला. १६व्या आयोगाच्या निधीबद्दल ग्रामविकास विभागाचं परिपत्रक मागून घ्या आणि मगच आराखड्यात आकडे भरा. जुन्या टक्क्यांवर आराखडा केला की तो वरून परत येतो.

हा निधी सरपंच आणि सचिव या दोघांच्या डिजिटल सहीनं ऑनलाइन अदा होतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकलं की कुठल्या कामावर किती रक्कम कुणाला गेली ते कुणालाही दिसतं, लॉगिन लागत नाही. दर महिन्याच्या सभेआधी ते पान उघडा आणि प्रोसिडिंगशी ताडून बघा. पोर्टलवर पैसे गेलेले दिसतात आणि ठराव मात्र नाही, असं आढळलं तर तोच तुमचा पहिला प्रश्न. एक पद्धत मोडून काढण्यासारखी आहे: सरपंचांच्या डिजिटल सहीचा डोंगल आणि पिन संगणक परिचालकाकडे ठेवलेला असतो. तो डोंगल म्हणजे कोऱ्या चेकबुकवरच्या सह्या. तो सरपंचांनी स्वतःजवळ ठेवावा यासाठी सभेत ठराव मांडा.

काम चालू असताना

रस्ता, गटार, समाजमंदिर यांचं अंदाजपत्रक अभियंता करतो, तांत्रिक मान्यता वरून येते, मोजमाप पुस्तिका (सगळे एमबीच म्हणतात) शाखा अभियंता लिहितो. तुम्ही अभियंता नाही, पण अंदाजपत्रकाची प्रत आणि एक मोजपट्टी एवढ्यावर खूप काही कळतं.

समजा १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद काँक्रीट रस्ता आहे आणि अंदाजपत्रकात जाडी १५ सेंमी आहे. काँक्रीट किती? १०० × ३ × ०.१५ म्हणजे ४५ घनमीटर. ठेकेदारानं कडेला १५ सेंमीची फळी लावली आणि मधे भराव उंच ठेवून जाडी १० सेंमीच केली, तर गेलं ३० घनमीटर. तिसरा हिस्सा काँक्रीट कमी, बिल मात्र ४५ चं. कडेनं बघून हे कधीच कळत नाही. काँक्रीट ओतण्याआधी फळीवरून फळीवर दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून खालपर्यंत पट्टी लावून मोजा, तीन-चार ठिकाणी. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागतं, म्हणजे या रस्त्याला ३६० च्या आसपास. साइटवर काम संपल्यावर रिकामी पोती मोजली तरी अंदाज येतो. तयार काँक्रीट गाडीनं येत असेल तर प्रत्येक गाडीचं चलन बघा, त्यावर घनमीटर छापलेले असतात.

त्यानंतर पाणी. काँक्रीटवर माती-वाळूचे बांध घालून किमान १४ दिवस पाणी साठवून ठेवायला हवं. गावच्या रस्त्यांवर वर्षभरात खडी उघडी पडते, त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं: दोन दिवस पाणी मारलं, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सोडला. सिमेंट कितीही चांगलं असलं तरी पाण्याविना ते घट्ट होत नाही. अंदाजपत्रकात क्यूब टेस्ट (काँक्रीटच्या ठोकळ्याची मजबुती तपासणी) असेल तर २८ दिवसांचा अहवाल बिलाच्या सभेपूर्वी मागा.

कामाचं बिल मंजुरीला आलं की ठराव, कार्यारंभ आदेश, एमबीची प्रत, कामाआधीचे-चालू असतानाचे-नंतरचे फोटो आणि कपाती (बिलातून कापायच्या रकमा) या पाच गोष्टी असल्याशिवाय हात वर करू नका. निविदा कुठल्या रकमेच्या वर लागते ती मर्यादा शासन निर्णयानं बदलत असते. पण एकच काम तीन तुकड्यांत तोडून ती मर्यादा चुकवणं हे कुठल्याही वर्षी नियमबाह्यच आहे, आणि लेखापरीक्षणात सर्वात आधी तेच पकडलं जातं.

पाणी

वॉर्डातून येणाऱ्या तक्रारींत निम्म्या पाण्याच्या असतात, म्हणून याचे आकडे पाठ असू द्या. ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम लागते. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ द्रावण टाकीत सोडायचं, मग निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन असणं पुरेसं नाही. वस्तीच्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचा थेंब टाकला की पिवळा रंग यायला हवा. प्रमाण किमान ०.२ पीपीएम हवं. रंग आला नाही तर दोन शक्यता: पावडर कमी पडली, किंवा पोतं उघडं राहून पावडरीतला क्लोरीन उडाला. २० टक्क्यांखाली उतरलेली पावडर वापरू नये. साठा नोंदवहीत पोती किती आली आणि टाकीच्या मापानं किती संपायला हवी होती याचा गुणाकार केला, की शुद्धीकरण रोज होतं का ते समजतं. पावसाळ्याआधीच्या सभेत हा विषय नोटिशीवर घ्यायला लावा.

ग्रामसभा आणि आराखडा

वर्षात किमान चार ग्रामसभा. साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, विशेष असेल तर चार दिवस. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा. १,८०० मतदारांच्या गावाला १०० माणसं पुरतात, ४०० च्या गावाला ६०. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा ती अट राहत नाही, पण तिथे नवे विषय घेता येत नाहीत. त्यामुळे पहिली सभा मुद्दाम ओस पाडून दुसऱ्या दिवशी दहा माणसांत सगळं मंजूर करण्याची वाट मोकळी राहते. तुमच्या वॉर्डातली वीस-पंचवीस माणसं पहिल्याच सभेला आणणं हे सदस्याचं काम, आणि ते तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा आणि वॉर्डसभा घ्यायची असते. त्या दोन्हींतले ठराव ग्रामसभेत वाचायला लावा.

पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. त्या आराखड्यात नसलेल्या कामाला वर्षभर पैसा मिळवणं कठीण. ‘आमच्या गल्लीचं काम का होत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं की ते आराखड्यात कुणी घातलंच नव्हतं. सप्टेंबरमध्ये वॉर्ड पायी फिरा, काम, लांबी आणि साधारण किती घरांना उपयोग, असं लिहून लेखी द्या. वीस मागण्या देऊ नका, तीन द्या, क्रमानं. घरकुलाची यादी हीही ग्रामसभेची. ‘तुझं नाव बसवतो’ असं कुणालाही सांगू नका, कारण तो अधिकार तुम्हाला नाही. त्याचं नाव यादीत कुठे आहे आणि कागद कुठला अपुरा आहे, ते मात्र एका दिवसात काढून देता येतं.

रोजच्या तक्रारींसाठी एक साधी पद्धत: तोंडी घेऊ नका. तक्रारदाराकडून दोन ओळी लिहून घ्या, आवकमध्ये द्या, क्रमांक त्याला द्या, आणि पुढच्या मासिक सभेत ‘आलेले अर्ज’ या विषयात तो वाचायला लावा. दप्तरातली माहिती मिळत नसेल तर आधी सदस्य म्हणून लेखी मागा, नाहीतर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज. मुदत ३० दिवस.

पद कशानं जातं

इथे कायदा कडक आहे आणि गावातला विरोधक पहिल्या दिवसापासून डोळा ठेवून असतो.

पंचायतीच्या कराचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता. घर वडिलांच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या नावे असलं तरी एकत्र कुटुंबाची थकबाकी तुम्हाला लागू होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. दरवर्षी बिलाची वाट न बघता भरून टाका आणि पावती जपून ठेवा.

सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण. घर जुनं आहे, बापजाद्यांनी बांधलं आहे, हे सांगून भागत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं की अतिक्रमण आधी कुटुंबातल्या दुसऱ्यानं केलेलं असलं तरी त्यात राहून ते चालू ठेवणारा सदस्य अपात्र ठरतो. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना मात्र त्याच न्यायालयानं पद परत दिलं, आणि निवडून आलेल्या, विशेषतः ग्रामीण भागातल्या महिला प्रतिनिधीला काढणं इतकं सहज घेऊ नका, असं यंत्रणेला बजावलं. दोन्ही निकालांतून घ्यायचं ते हे की मोजणीचा नकाशा आणि नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा आजच काढून ठेवा. वाद उभा राहिल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही.

पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध. तुमच्या ट्रॅक्टरनं मुरूम टाकला आणि बिल मित्राच्या नावे काढलं, तरी तो हितसंबंधच. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट निवडणुकीपुरती नाही, पदावर असताना तिसरं अपत्य झालं तरी पद जातं. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, तो चुकला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र. राखीव जागेवरून आला असाल तर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दाखल करा. पडताळणी समितीत अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावर निवड टिकत नाही.

कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला असणाऱ्यांनी कलम ४० वाचावं. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलात, किंवा रजा न घेता सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिलात, तर सदस्यत्व संपतं. रजेचा अर्ज पंचायतीकडे लेखी द्यावा लागतो आणि तो सभेनं मंजूर करावा लागतो. सरपंचांना फोनवर सांगितलं ही रजा नव्हे.

शेवटी दोन कागदांबद्दल. निवडणुकीनंतर ‘अडीच-अडीच वर्षं’ ठरवून उपसरपंचपदाच्या वाटणीसाठी बिनतारखेचे राजीनामे लिहून घेतात. असा कागद कुणालाही देऊ नका. सदस्याचा राजीनामा सरपंचांकडे जातो आणि त्याबद्दल वाद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायला फक्त सात दिवस असतात. तारीख दुसऱ्यानं टाकली तर ते सात दिवस तुम्हाला कळायच्या आत उलटतात. दुसरा कागद म्हणजे अविश्वास प्रस्तावाची नोटीस, ती तहसीलदारांकडे द्यायची असते. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान लागतं. तक्रार एखाद्या व्यवहाराची असेल तर हा रस्ता लांबचा आहे. त्यासाठी कलम ३९ खाली लेखी तक्रार करा. चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, निर्णय विभागीय आयुक्त देतात. तक्रारीला प्रोसिडिंगच्या प्रती, पोर्टलवरचं देयकाचं पान आणि तुमच्या विरोधाच्या पत्राची पोच जोडा.